पडीक उतारावरच्या हाका

शहाद्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर असताना भावाचा फोन आला. ‘फुई गेली,’ एवढंच म्हणाला... रुमलीफुई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. धडगावच्या वरच्या डोंगरात, आमच्या पाड्यावर शेवटी ती एकटीच शेती करत होती.

पूर्वी तो सगळा उतार मका-ज्वारीनं भरलेला असे. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जायची, पावसाआधी परतायची. पुढे मुलं तिकडेच कामाला लागली आणि परतणं थांबलं. पहिलं पडीक पडलं ते आमचंच शेत. त्यात घाणेरीची झुडपं माजली, घाणेरीत रानडुकरं राहू लागली आणि शेजारच्यांना पीक राखता येईना. मग तेही गेले. असा एकेक करत सगळा उतार ओस पडला. आजूबाजूला माणूस नसेल तर एकट्या शेताची राखण होत नाही.

मागच्या भादव्यात मी तिला न्यायला गेले होते. दिवस कलला तशी ती मचाणावर चढली, मागोमाग मी. तिनं पत्रा बडवला आणि हाका मारू लागली... ‘वेस्ता, खालून ये रे! भुरी, नाल्याकडे बघ!’ ही सगळी माणसं पाडा सोडून गेलेली. मध्येच तिनं माझ्या वडिलांनाही हाक मारली. ते तर सुरतेतच वारले होते.

‘फुई, कोण आहे तिथं?’

‘कोणी नाही गं. पण डुकरांना कुठं माहीत?’

समोरच्या डोंगरावरून हाक परत आली. ती कान देऊन ऐकत राहिली. ‘कधी कधी मलाबी खरं वाटतं,’ म्हणाली.

‘चल ना माझ्याबरोबर.’

‘कापणी होऊ दे.’

कापणी झालीच नाही. ताप अंगावर काढला तिनं. शेळ्या चारणाऱ्या बाईला ती मचाणाखाली सापडली.

दिवसकार्याला माणसं गुजरातेतून जीप करून आली. तोवर डुकरांनी शेत साफ केलं होतं. झोपडीत चुलीवर, धुरात, बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसं टांगलेली होती. पांढरी, पिवळी, लालसर... वेस्ताकाका बघतच राहिला. ‘हे पांढरं तर आमच्या शेतातलं,’ म्हणाला. प्रत्येक घराचं बी ती आपल्या शेतात पेरून जगवत होती. ज्यानं त्यानं आपापली कणसं काढून घेतली आणि सगळे जीपमध्ये बसले.

आमची लालसर कणसं माझ्या स्वयंपाकघरात लटकतात. पेरायची कुठं ते कळत नाही, आणि दळायला हात धजत नाही.