बर्फवाले मामा

होळी होऊन गेली होती. दुपारी ऑफिसात सिल्वासाहून फोन आला. "काका, धनराज बोलतो. आप्पा गेले." कधी, कसे, असं काहीतरी मी विचारलं. कावीळ होती, फार वाढली होती, एवढंच तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आई म्हणते, घाई करू नका. पण या." मी हो म्हटलं आणि पुढचे काही आठवडे गेलो नाही. नाशिकहून सिल्वासा काही लांब नाही, आणि रजा मागितली असती तर मिळाली असती. पण त्या घरात शिरलो की कुणीतरी माझ्या मामांचा विषय काढणार हे मला ठाऊक होतं...

धनराजचे आप्पा म्हणजे सुपडू. ऐंशीच्या दशकात मी मुंबईहून सिल्वासाजवळ खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेलो, तेव्हा हा शिरपूरकडचा माणूस माझ्याच खात्यात मशीनवर होता. अथालला एका चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. कारखान्यात तो मला साहेब म्हणे आणि चाळीत पाय ठेवला की भाऊ. मी मुळात अबोल. कँटीनमध्ये ताट घेऊन बसलो की बाकावरची माणसं एकेक करून उठून जायची. साहेब बसलाय म्हणून जात असतील, पण मला ते लागायचं. सुपडूच्या बाकावर मात्र कायम दाटी, कारण तो सिनेमावर बोलायचा. त्याला हिरो-हिरॉइनचं वेड नव्हतं. रविवारी घरमालकाच्या टीव्हीवर पिक्चर लागला, पुरात आई आणि लेकाची ताटातूट झाली, बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, की हा मला कोपरानं ढोसून विचारायचा, "भाऊ, एवढा पूर कुठून आणला असन यांनी?"

एका रविवारी सगळ्यांच्या तोंडी असलेला एक जुना, गाजलेला पिक्चर होता. हिरॉइन पातळ साडीत बर्फात गाणं म्हणत होती. "हिला थंडी कशी वाजत नाही?" सुपडूनं विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो बर्फ नाहीच. गिरणीतलं धाग्याचं वेस्ट आहे, आपल्याकडे निघतं तसलंच. माझे मामा त्या पिक्चरला होते. वर फळीवर बसून तेच तर बर्फ टाकायचे."

मला मामा नाही. माझी आई एकुलती एक.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुपडूनं मला हाक मारली, "साहेब, इकडं या. सरका रे, साहेबांना जागा द्या." आणि लोक सरकले. त्या सरकण्याची मला चटक लागली. आमच्या खात्याच्या मागे वेस्टचा पांढरा ढीग पडलेला असायचा. त्या दिवसापासून लोक त्याला काश्मीर म्हणायला लागले. "काश्मीरला जाऊन येतो" म्हणजे वेस्ट टाकून येतो. पुढे मी सिनेमाची साप्ताहिकं आणून चोरून वाचायचो. मारामारीत डोक्यावर फुटते ती बाटली साखरेची असते, घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या, असलं काही त्यात मिळायचं. न मिळालं तर मी रचायचो. सगळं मामांच्या नावावर खपायचं. मी दोन वाक्यांत सांगायचो आणि सुपडू त्याचा अर्धा तास करायचा. त्यानं खरोखरच करवंट्या पैदा केल्या. मॅनेजर कँटीनमध्ये शिरले की टेबलाखाली टापा वाजायच्या, आणि ते थांबले की टापाही थांबायच्या. मॅनेजरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मुंबईला निघालो की सुपडूची बायको, मंगलावहिनी, मामांसाठी बिबड्या बांधून द्यायच्या. ज्वारीचे ते मोठे पापड मी आईला द्यायचो. परत आलो की सुपडूचा पहिला प्रश्न ठरलेला. "मामा काय म्हणे? आवडल्या?" आवडल्या, मी सांगायचो. एकदा तर, तिखट जरा कमी पाहिजे होतं, असंही सांगितलं. पुढच्या खेपेला वहिनींनी तिखट कमी करून दिलं...

मग तो म्हणायला लागला, दिवाळीत धनराजला घेऊन मुंबईला येतो, मामांच्या पाया पडतो, एवढा स्टुडिओ दाखवा पोराला. मी टाळत राहिलो. मामांना बरं नाही म्हटलं, मामा बाहेरगावी आहेत म्हटलं. दिवाळी तोंडावर आली. त्यानं धनराजला नवा शर्ट शिवला. तेव्हा मी सुट्टीवरून परत येऊन सांगितलं, मामा गेले. मला वाटलं, सुटलो.

खानदेशात कुणी गेलं की त्या घरी दारावर जायची रीत आहे. माणसं येतात, दाराशी बसतात, फारसं न बोलता उठून जातात. सुपडू एव्हाना खडोलीला राहायला गेला होता. रविवारी सकाळी चाळीसमोर टेम्पो थांबला. टोपी घातलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला सुपडू उतरला. मागून वहिनी आणि आमच्या खात्यातली माणसं आपापल्या बायकांसह उतरली. आठवड्याची एकुलती सुट्टी मोडून आली होती सगळी. पुरुष माझ्या उंबऱ्याबाहेर ओळीनं बसले. वहिनींनी पदर तोंडाशी धरून सूर लावला, "आमना बर्फवाला मामा गया वं माय..." तेव्हा मला हसू येईल अशी भीती वाटली होती. आलं रडू. चांगलाच रडलो मी, सगळ्यांदेखत, आणि सुपडू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. चहा कुणी घेतला नाही. सुतकातल्या घरचा घेत नाहीत. निघताना तो म्हणाला, "शेवटी तुमच्या हातचं पाणी लाभलं ना मामाला? मंग झालं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नंतरही सांगता आलं असतं. पण पुढे सुपडू कैलासवासी मामा म्हणू लागला, आणि माझी हिंमत आणखी खचली. नव्वदनंतर मी बदली घेऊन नाशिकला गेलो. बढती मिळाली म्हणून गेलो, असं सगळ्यांना सांगितलं. तीही थापच.

अखेर अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशातली आखाजी, तोंडावर आली तेव्हा गेलो, खडोलीला. दाराशी बसलो. वहिनी खंगल्या होत्या. सुपडू शेवटच्या दिवसांत काय बोलला, काय खाल्लं, सगळं त्यांनी सांगितलं. मग धनराज, आता तोही कारखान्यात लागलाय, माझ्याजवळ सरकला. "काका, एक विचारायचं होतं. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावानं विस्तवावर घास टाकतो. आप्पा माझ्या आजोबांचा टाकायचे, आजीचा टाकायचे आणि मामांचा टाकायचे. दर साली. नाव माहीत नव्हतं म्हणून नुसतं 'बर्फवाले मामा' म्हणायचे. या आखाजीला मी टाकणार. मामांचं नाव काय होतं?"

एखादं नाव सांगणं किती सोपं होतं. ओठावर आलंही एक, त्यांना शोभेलसं. पण मी म्हणालो, "नाव नाही, धनराज. मामा नव्हतेच." आणि मग सगळं सांगितलं. बर्फ, बिबड्या, ते रडणं. धनराज खाली बघत ऐकत होता. मग मंगलावहिनींनी अगदी सहज, हिशेब लागत नसावा तसं विचारलं, "मंग इतला वरीस तो घास कोनी खादा, भाऊ?"

त्या उठून आत गेल्या. धनराज म्हणाला, "काका, तुमची गाडी चुकंन."

आखाजी झाली. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, मी वाट पाहत नसताना. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "आईनं मामांचाबी घास टाकला. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणे, तुझा बाप टाकत होता, मी कोण बंद करणारी." मी काही बोलणार तोच तो पुढे म्हणाला, "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."