ब्रेकला लावलेलं पीठ

"दाब."

मी ब्रेक दाबायचो.

"सोड."

मी सोडायचो.

"आता जा."

भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या खानावळीच्या दारात रोज सकाळी हा कार्यक्रम व्हायचा. मावशी उंबऱ्यात उभी असायची. दोन्ही हात तांदळाच्या पिठानं पांढरे, आणि नजर माझ्याकडे नाही, सायकलच्या पुढच्या चाकाकडे. चाकानं होकार दिला की मगच मला निघायची परवानगी. एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, काल तर बघितला होता की दाबून." त्यावर ती म्हणाली, "काल जेवलास म्हणून आज जेवायचा न्हाय काय?"

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. ती फार काही शिकवत नाहीत, पण त्यांची एखादी सवय आपल्या अंगाला चिकटते आणि मग आयुष्यभर सुटत नाही.

मावशी पडघ्याच्या आतल्या बाजूच्या गावची. नवरा गावी शेती बघायचा आणि ही इथे चाळीतल्या दोन खोल्यांत खानावळ चालवायची. आठवड्यातून एकदा तो तांदूळ घेऊन एसटीनं यायचा, पंगतीत बसून जेवायचा, "चव बरी हाय" असं तिलाच सांगायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. जेवायला येणारे सगळे लूमवाले, यंत्रमागांवर राबणारे, मुलखामुलखांतून आलेले. इतक्यांची नावं लक्षात कोण ठेवणार? मावशी माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची. "ए सोलापूर, भात वाढू का?" "बनारस, आज भाकरीच हाय, तोंड वाकडं करू नको." मी औशाकडचा, म्हणून मी औसा. आईनं ठेवलेलं नाव तिनं एकदाही उच्चारलं नाही. पण घरापासून इतक्या लांब, दिवसातून दहा वेळा कुणीतरी आपल्या गावाला हाक मारतंय, हे काय असतं ते ज्यानं गाव सोडलंय त्यालाच कळेल.

मी सातवीतच शाळा सोडली होती. काही वर्षं गावात इकडं तिकडं करून, मिसरूड चांगलं फुटल्यावर भिवंडीला आलो. बनारसकडच्या एका जॉबरनं, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं, मला हाताखाली घेतलं. पण तुटलेला धागा सापडेपर्यंत लूमपेक्षा माझ्या छातीतच जास्त खडखडाट व्हायचा. शेवटी त्यानं मला दंडाला धरून खानावळीत आणलं आणि म्हणाला, "मौसी, ये लडका धागा नहीं पकडता. डब्बा पकडेगा."

मावशीनं मला वरून खाली बघितलं. "सायकल येते?"

"येते."

"मग आधी जेव."

अशी माझी नोकरी लागली. काम एकच. कोनजवळच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दुपारचे डबे पोचवायचे. त्या बदल्यात दोन वेळचं जेवण, झोपायला पुढची खोली आणि गावी पाठवण्यापुरतं काहीतरी. मला ते राज्य वाटायचं. आणि राज्य मिळालं की ते जाण्याची भीतीही आलीच. कोनचे डबे गेले तर सायकलला काम नाही, सायकलला काम नाही तर मला नाही, आणि मला काम नाही म्हणजे परत औसा. रोज पेडल मारताना माझ्या डोक्यात हे चाकासारखं फिरायचं.

सायकल जुनी, काळी, उंच, घोड्याएवढी. मागचा ब्रेक माझ्या आधीपासून नुसता शोभेला होता. पुढच्याचं रबर झिजत आलं होतं. कोनच्या अलीकडे एक उतार लागायचा. तिथे समोरून सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले भलेमोठे रूळ, लादलेले टेम्पो यायचे, आणि मी एक चप्पल चाकावर घासत, देवाचं नाव घेत खाली जायचो. खाली पोचेपर्यंत कॅरिअरवरच्या डब्यातली आमटी भातात गेलेली असायची. सायझिंगचा मुकादम एक दिवस डबा उघडून म्हणाला, "भात आणलास का भाताची आंघोळ? परत असं झालं, नाहीतर उशीर झाला, तर दुसरी खानावळ बघतो."

हे मी मावशीला सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही. पण तिला ते त्याच संध्याकाळी कळलं, कारण भिवंडीत लूम जितकं कापड विणतात त्याहून जास्त लोक बातम्या विणतात.

दुसऱ्याच दिवशी, डबे भरताना, पुढच्या ब्रेकचा खालचा तुकडा तुटून हातात आला. घोड्याच्या नालेसारखा असतो तो. मी तो हातात धरून नुसता उभा राहिलो.

"मिल गया समझो!" पंगतीत बसलेला जॉबर ओरडला. तो हात न धुताच खोलीवर गेला आणि एक चकचकीत वायरब्रेक घेऊन आला. स्पोर्ट्स सायकलचा, चाकाला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा. "एकदम फर्स्ट क्लास. हात लावला की गाडी खडी."

"कंच्या सायकलचा हाय?" मावशीनं आतून विचारलं.

"कंच्या म्हणजे? सायकल म्हणजे सायकल, मौसी. ब्रेक म्हणजे ब्रेक. मी आख्खा लूम खोलून जोडतो, हे तर खिलौना आहे!"

आणि खरंच, बघता बघता त्यानं तो बसवला. ब्रेकची मूठ हँडलवर सैल पडत होती, तर लूमची चामड्याची पट्टी गुंडाळून घट्ट केली. मग स्वतः बसला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला, जोरात आला आणि दारात ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी. सोलापूरवाल्यानं उष्ट्या हातानं टाळी वाजवली. माझा जीव भांड्यात पडला. मी डबे बांधायला घेतले.

"थांब," मावशी म्हणाली.

भाकरी थापता थापता ती तशीच बाहेर आली. वाकून तिनं ब्रेकच्या दोन्ही रबरांना ओलं पीठ फासलं.

"दाब."

मी दाबला.

"सोड."

सोडला. तिनं चाकाशी बोट नेलं. "बनारस, हिकडं ये. पीठ कुटं लागलंय?"

जॉबर वाकला. "टायरवर."

"चाकाच्या लोखंडी कडीवर?"

"...नहीं."

"म्हंजी ह्यो ब्रेक टायर दाबतोय, चाक न्हाय. रबराला रबर घासतंय. रोज घासलं तर काय व्हईल?"

"फाटंल की," सोलापूरवाला घास घोळवत म्हणाला.

जॉबर हार मानणारा नव्हता. त्यानं नट ढिला करून रबर खाली, आणखी खाली सरकवलं. पुन्हा पीठ, पुन्हा दाब, पुन्हा सोड. पार खाली नेलं तरी अर्धा ठसा टायरवर आणि अर्धा कडीच्या गोलाईवर. मग सगळ्यांनीच डोकी घातली आणि हळूहळू उलगडलं. त्या ब्रेकचे हात आखूड होते, लहान चाकाच्या सायकलसाठी केलेले. आमच्या उंच सायकलच्या कडीपर्यंत ते पोचतच नव्हते. आणि पोचले असते तरी धरलं काय असतं? त्याला बाजूनं सपाट कडी लागते. आमची कडी बाजूनं गोल, तिच्यावरून रबर घसरणार. आमचा जुना ब्रेक चाकाला बाहेरून धरतच नव्हता, आतून, तारांच्या बाजूनं वर ओढून धरायचा. दोन्ही ब्रेक चांगले, पण एकाचं दुसऱ्याला चालणारं नव्हतं.

"पण थांबते तर आहे!" जॉबर म्हणाला.

"गल्लीत थांबतेय. उतारावर?" मावशीनं पदराला हात पुसले. "झाकण बसतंय का ते टोपावर ठेवून बघायचं. टोपाएवढंच दिसतंय म्हणून आमटी उकळायला ठेवायची न्हाय."

मला मात्र घड्याळ दिसत होतं, आणि मुकादमाचं तोंड. मी म्हणालो, "मावशी, आजच्या दिवस जातो. हळू जातो. चप्पल लावतो."

ती माझ्याकडे वळली. तशी ती कधी रागवायची नाही, तेव्हाही रागवली नाही. "डबे गेले तर दुसरे मिळतील. तुज्या आईला मी काय कळवू? आमटी वाचली म्हणून?"

मी बांधायला घेतलेले डबे पुन्हा सोडले.

तिनं शेजारणीला चुलीपाशी बसवलं, अर्धे डबे टोपलीत घालून डोक्यावर घेतले, अर्धे माझ्या हातात दिले. थोडं एसटीनं, थोडं पायी असं आम्ही कोनला पोचलो, तोवर कामगारांची जेवणाची सुट्टी संपत आली होती. मुकादम फाटकातच उभा. तो तोंड उघडायच्या आत मावशीनं टोपली खाली ठेवली.

"बोलायचं ते मला बोला, ह्याला न्हाय. सायकलला ब्रेक न्हाय."

"मग आम्ही काय करायचं?"

"आज जेवायचं. उद्या डबा येळेवर आला न्हाय, न्हायतर एक थेंब सांडला, तर मीच सांगते, दुसरी खानावळ बघा."

मुकादम फाटकातून बाजूला झाला. माझं राज्य तिनं भर फाटकात पणाला लावलं होतं, एका ब्रेकवर, जो अजून आणलेलासुद्धा नव्हता.

परत आल्यावर तिनं मला सायकलचं पुढचं चाक काढायला लावलं. ते कडेवर घेऊन ती बाजारपेठेत निघाली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, चाकाचं तिकीट?"

"मांडीवर हाय. मांडीवरच्या पोराचं तिकीट घेतोस काय रे भाऊ?"

आख्खी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे सरकला.

सायकलच्या दुकानदारानं चाक बघून कपाळाला हात लावला. "अहो, चाक कशाला उचलून आणलंत? साइज सांगायची."

"साइज मला काय ठावं? चाकाला इचारा."

त्यानं पहिला ब्रेक काढून दिला. "सगळ्यांना हाच चालतो." मावशीनं तो कडीला लावला. अरुंद, रबर आतल्या काठावर चढत होतं. दुसरा लावला. दोन्ही रबरं कडीच्या आतल्या सपाट भागावर बरोबर टेकली, जशी पाटावर माणसं बसावीत. तिनं चाक फिरवून चार ठिकाणी तो लावून बघितला, मग म्हणाली, "ह्यो. दोन द्या. मागचं चाकबी ह्याच जातीचं हाय." शोभेचा मागचा ब्रेकही तिच्या डोक्यात होता तर.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर जॉबर कुणी न बोलावता आला. पाने हातात, मान खाली. "बसवतो, मौसी." त्यानं दोन्ही ब्रेक बसवले. मी घाईघाईनं रबर बसवायची, एका बाजूनं उघडी असलेली डबीसारखी खोबण उलटी लावत होतो, तर त्यानं माझ्या हातावर चापट मारली. "बंद तोंड पुढे ठेव. चाक रबरला पुढे खेचणार. खुला मुंह आगे रखा तो पहिल्याच ब्रेकला रबर बाहेर, और तू ट्रक के नीचे."

"बघा," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याला समदं येतंय. फक्त कुटलं कुनाला बसतं ते इचारत न्हाय." आणि त्याच्या ताटात तिनं एक जादा भाकरी टाकली. तो असा लाजला की जणू हार घातला. मग त्यानं स्वतःच पिठाचा गोळा मागितला आणि स्वतःच ठसा बघितला. कडीच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना, सारखे पांढरे ठसे.

त्यानंतर मी खानावळीत बरीच वर्षं काढली, रोज सकाळी मावशीसमोर ब्रेक दाबून, सोडून. पुढे त्याच जॉबरनं मला पुन्हा लूमवर घेतलं, आणि या वेळी धागा सापडला. एकदा हात स्थिर व्हायला शिकले की ते कुठेही स्थिर राहतात. मावशीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ती खानावळ आवरून गावी गेली. मी अधूनमधून पडघ्याला उतरून तिच्याकडे जायचो. दारातून ती ओरडायची, "अगं बाय, औसा आला!" मग एकदा गेलो, तर ओटीवर तिचा नवरा एकटाच तांदूळ निवडत बसला होता. मला बघून त्यानं हळूच सरकून जागा केली. बराच वेळ आम्ही दोघं निवडत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "चव बरी होती तिच्या हाताला." मी मान हलवली.

अजूनही कुठलीही गाडी असो, मी दारातच एकदा ब्रेक दाबतो, सोडतो आणि मग निघतो. बायको हसते. हसू दे.

पण मावशी डोळ्यांसमोर येते ती ओटीवरची नाही, उंबऱ्यातलीही नाही. ब्रेक बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीची येते. मी डबे पुढे टांगून निघालो, तर ही पदर खोचून कॅरिअरवर एका अंगानं बसली. मांडीवर आमटीचा मोठा टोप, झाकणाशिवाय.

"मावशी, हे काय?"

"मी बोललेय मुकादमाला. मीच बघणार. चल."

चाळ सगळी बाहेर येऊन बघत होती. जन्मात पहिल्यांदा ती सायकलवर बसली होती, हे तिनं मला उताराच्या तोंडाशी सांगितलं. खाली समोरून बीमचा टेम्पो चढत होता. तिचा एक हात टोपाच्या कडेला, दुसरा माझ्या सदऱ्यात मुठीनं घट्ट.

"औसा!" ती ओरडली. "दाब!"

मी दाबला. दोन्ही ब्रेकांनी चाकं आतून धरली, सायकल हळूहळू मंदावली आणि उताराच्या अर्ध्यात शांत उभी राहिली. टेम्पो धुरळा उडवत निघून गेला. मी वळून बघितलं. टोपातली आमटी काठापर्यंत येऊन थरथरत होती. ती थरथरली, मागे सरली, आणि स्थिर झाली. एक थेंब सांडला नव्हता. मावशी आमटीकडे बघत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती.

"सोड," ती म्हणाली. "आता जा."