पडद्यावरच्या चोराची ओळखपरेड

नाव न्यामेचे, आडनाव बादू, हा सोफे शिवणारा माणूस. कुमासी शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं शेड आहे आणि त्याला लागून माझी वाचीची टपरी. तांदूळ-चवळीचा भात, वर शितोची तिखट चटणी. रोज सकाळी तो माझ्याकडेच खातो. चेहरा असा की पाहणाऱ्याने पिशवी छातीशी धरावी. एक भुवई कायमची चढलेली, गालावर लहानपणी भाजल्याचा डाग, डोळे खोल गेलेले. आणि स्वभाव असा की कोंबडी कापायची वेळ आली की बायकोला, कोनाडूला, हाक मारतो. पण टीव्हीवाल्यांना स्वभाव नको होता. चेहरा हवा होता.

'इन्स्पेक्टर ओडुम' ही मालिका दर शनिवारी दुपारी लागते. तिच्यात न्याय कसा होतो ते सांगते. कोणाच्या तरी घरी चोरी होते. इन्स्पेक्टर ओडुम गॉगल काढतो, चार माणसांच्या तोंडाकडे बघतो आणि त्यातलं सगळ्यात वाईट तोंड उचलतो. दोन थपडा, की चोर कबूल. साक्ष नाही, पुरावा नाही. एकदा वकील दाखवला होता, तोही शेवटी चोराचा भाऊ निघाला. आणि हे बघून आमचे लोक टाळ्या वाजवतात, चर्चमधले डीकनसुद्धा.

त्यातला ठरलेला चोर म्हणजे आमचा न्यामेचे. त्याचं एक वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसलं होतं: "मावशी, चावी द्या, आशीर्वाद द्या, अन् डोळे मिटा." रस्त्याने निघाला की पोरं मागून ओरडायची. तो हसायचा. मला म्हणायचा, "आंटी, ओळखतात तरी."

ओळखतात. तेच तर झालं.

एका शनिवारी दुपारी मॅडम पोमांच्या घरात चोर शिरले. या बाईंचं बाजारात कापडाचं मोठं दुकान. घरात त्या एकट्याच, टीव्ही चालू. चोरांनी दागिन्यांचा डबा नेला आणि बाई भीतीने बेशुद्ध पडल्या. शुद्धीवर आल्यावर पोलिसांना म्हणाल्या, "एकाचा चेहरा ओळखीचा होता. गालावर डाग होता." आमच्या चौकीतला सार्जंट तर त्या मालिकेचा भक्त. तो तडक न्यामेचेच्या शेडवर आला. सोफा अर्धा शिवलेला, आणि याला हातकड्या.

मी चौकीत गेले. ओळखपरेड लावली होती. गॅरेजातली, हमालीची, दिसतील ती माणसं रांगेत उभी केली आणि मध्ये हा. मॅडम पोमांनी क्षणभरही विचार केला नाही, बोट थेट त्याच्यावर.

मी सार्जंटला म्हटलं, "साहेब, बाईंनी याला टीव्हीवर पाहिलंय. म्हणून चेहरा ओळखीचा."

"टीव्हीवर मीपण पाहतो त्याला," सार्जंट म्हणाला. "उगीच देतात का त्याला चोराचं काम?"

आता या अकलेला काय उत्तर द्यायचं? आत न्यामेचेला थपडा मारल्या. कोनाडू दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. एक शिपाई वैतागून म्हणत होता, "तिथे तर दोन थपडांत कबूल करतोस, इथे काय झालं तुला?" चौथ्या-पाचव्या थपडेनंतरही हा नाहीच म्हणत राहिला, तेव्हा त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं. तुरुंगात पाठवून दिला.

त्या दुपारी तो कुठे होता हे मला ठाऊक होतं. इन्स्पेक्टर ओडुमचं काम करणारा लॉरेन्स डुआ त्याला आपल्या गाडीतून माम्पाँगला घेऊन गेला होता, एका श्रीमंताच्या अंत्यविधीला. हल्ली मेलेल्या माणसाची शोभासुद्धा नटांवाचून होत नाही. तिथे इन्स्पेक्टरने पाहुण्यांच्या गर्दीतून चोर पकडून दाखवायचा, लोकांनी हसायचं, नटांच्या कपाळाला बक्षिसाच्या नोटा चिकटवायच्या. मी माम्पाँगला जाऊन त्या घरच्यांना विचारलं. ते म्हणाले, "हो, इन्स्पेक्टर आले होते. चोरही होता. पण त्याच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत पोतं घातलं होतं, तोंड कोण बघणार?"

म्हणजे सांगू शकणारा एकच. गेले डुआच्या घरी. तो व्हरांड्यात बसून फुफूचा मऊ गोळा रश्शात बुडवून खात होता. मला आदराने बसायला सांगितलं, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं आणि बोटं चाटत म्हणाला, "आंटी, त्या दिवशी मी आजारी होतो."

"आजारी? तुम्ही माम्पाँगला नाचत होतात."

"निर्मात्या बाईंना मी आजारी म्हणून कळवलंय. शूटिंग होतं ना. आता कोर्टात उभं राहून माम्पाँगला होतो म्हटलं, तर माझं काम जाईल."

"आणि त्याचं काय जाईल?"

"देव आहे," डुआ म्हणाला. "निरपराध माणसाला काही होत नाही."

आठवडाभरापूर्वी याच माणसाने शाळेत जाऊन मुलांना सत्यावर भाषण दिलं होतं. गॉगल लावून. मी पाणी न पिता उठले.

पुढे कितीतरी तारखा पडल्या. कोनाडूने शेड बंद केलं. तिच्या चर्चमधल्या बायका तिच्याशेजारी बसेनात, आणि घरी जाऊन तीच मालिका बघत. शेवटी खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट बाई उत्तरेकडून बदलून आलेल्या, कपाळाला आठ्या. मागच्या बाकांवर गर्दी मावत नव्हती. सगळे चोर बघायला आलेले.

बाईंनी मॅडम पोमांना विचारलं, "त्याने काय घातलं होतं?"

"लाल बनियन, फाटकी टोपी."

"काही बोलला?"

मॅडम पोमांचे डोळे भरून आले. खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच तसं आठवत होतं. "म्हणाला, मावशी, चावी द्या, आशीर्वाद द्या..."

"अन् डोळे मिटा," मागचे सगळे बाक एका सुरात म्हणाले.

मॅजिस्ट्रेट बाईंनी मान वर केली. "तुम्ही सगळे त्या घरात होतात का?"

कोणीतरी म्हणालं, "नाही मॅडम, हे दर शनिवारी असतं."

"कुठे असतं?"

"टीव्हीवर. लाल बनियन, टोपी, सगळं तेच."

मग बाईंनी सार्जंटला उभं करून जे सोलून काढलं, ते ऐकायला मी त्याचा डबा घेऊन तुरुंगाच्या दारात घालवलेल्या सगळ्या सकाळी पुन्हा घालवीन. न्यामेचे सुटला. सुटताना बाईंनी त्याला विचारलं, "तू कुठे होतास हे सांगायला एकही माणूस आला नाही?"

"आहे एक, मॅडम," तो म्हणाला. "पण तो आजारी आहे."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण महिना होतो न होतो तोच निर्मात्या मॅडम सेरवा त्याच्या शेडवर आल्या. या प्रकरणावर एक भाग करायचा ठरलं होतं. चोर अर्थातच तो. तो खुशीत गेला, मला सांगून गेला. तिथे कळलं की गोष्टीत चोर भोळ्या मॅजिस्ट्रेटला फसवून सुटतो आणि मग इन्स्पेक्टर ओडुम त्याला पकडून कबुली काढतो.

न्यामेचे मॅडम सेरवांना म्हणाला, "या एका भागात तो निर्दोष असू दे."

"मग ओडुमने करायचं काय?" त्या म्हणाल्या. "लोक ओडुमला बघायला बसतात."

तरी तो कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. कबूल केलेलं काम टाकायचं त्याला जमत नाही. डुआने थप्पड मारली. आता त्याने म्हणायचं होतं, 'हो, मीच केलं.' त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पुन्हा केलं, पुन्हा नाही. डुआ हळूच म्हणाला, "अरे, बोल ना, नाटकच आहे." याने ओठ घट्ट मिटून घेतले. चौकीतही त्याने ते वाक्य म्हटलं नव्हतं. नाटकात म्हणायला त्याचं मन घेईना. शेवटी मॅडम सेरवा म्हणाल्या, "राहू दे, आवाज नंतर घालू."

आणि घातला. शनिवारी मी स्वतः पाहिलं. पडद्यावर न्यामेचेचं तोंड बंद, डोळ्यांत पाणी, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी घोगरा आवाज म्हणतो, हो, मीच केलं. माझ्या टपरीत बसलेल्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. टाळ्या वाजल्या. मी टीव्ही बंद केला, तर माझ्यावरच चिडले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "गेलासच कशाला?"

तो खुर्चीत फोम भरत होता. "वाटलं, माझ्यावर इतकं गुदरलंय तर शेवट बदलतील."

"आणि आता?"

"आता बोलावलं तर नाही म्हणणार," तो म्हणाला. त्यांनी बोलावलं, आणि तो नाही म्हणाला.

त्यांना काय फरक पडतो? नवा चोर सापडला. वेल्डिंग करणारा आहे कुणी, नाक मोडलेलं. परवा माझ्याकडे वाची खायला आला होता, लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. मी त्याला म्हटलं, "बाबा, शनिवारी दुपारी चार माणसांत बसत जा." तो हसला. त्याला वाटलं आंटी थट्टा करतायत.