फरशीला भोक नको

त्याला सगळे 'थांबा' म्हणायचे. ऑफिसच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या पेट्या, म्हणजे फायरवॉल, बसवणं हे त्याचं काम, आणि कुठल्याही कामाला हात लावण्याआधी त्याच्या तोंडून पहिला शब्द हाच. थांबा, अर्थिंग बघू द्या. थांबा, पेटीला विजेच्या दोन वायरी आहेत, एक काढून भागत नाही. थांबा, अंगठी उतरवा, त्याने लग्न मोडत नाही. आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत साधा पंखा लावायला आला, तर चहाचं पाणी होईपर्यंत नुसता छताचा हूक हलवत बसला. मीही वैतागले होते. पण त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या कुणाला कधी खरचटलंसुद्धा नाही, हे छातीठोक सांगते.

थांबाच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने ठेकेदारी सुरू केली, तेव्हा त्याला वाटलं, घरचाच माणूस, बरं झालं, आणि तो त्याच्याकडेच कामाला लागला. डोंबलाचं बरं! घरच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हे त्या ठेकेदाराने आधीच हेरलं होतं.

त्या दिवशी काम एका नव्या ऑफिसात होतं. काचेची खोली, तोंड दिसेल अशी फरशी, आणि मधोमध चाकांवर उभी माणसापेक्षा उंच लोखंडी मांडणी, रॅक म्हणतात तो. रिकामा. रॅक आधी जमिनीला बोल्टने आवळायचा, जड पेटी तळाला ठेवायची आणि ती दोघांनी उचलायची, ही या धंद्यातली बाराखडी. ऑफिसच्या मालकाला बाराखडीशी काय देणंघेणं?

"माझ्या फरशीला भोक पडता कामा नये," तो म्हणाला. "आणि पेटी वरच लावा. बाहेरून येणाऱ्याला लुकलुकणारे दिवे दिसले पाहिजेत."

"साहेब, वर वजन आणि खाली पोकळ, म्हणजे नुसत्या डोक्याने जड माणूस. तोंडावरच पडणार."

मालक हसला नाही. त्याने ठेकेदाराला फोन लावून थांबाच्या हातात दिला.

"दादा, तुमचं थांबापुराण पुरे. काम हातचं गेलं तर तुमच्या बहिणीलाच ऐकावं लागेल."

"जोडीदार कुठाय माझा?"

"दुसरीकडे धाडलाय. तुम्ही काय आज धंदा शिकताय?"

जन्मभर जगाला थांबवणारा माणूस बहिणीच्या नावाने हलला. स्टुलावर चढून, पेटी छातीशी धरून एकट्याने वर बसवली. बसलीही. मग मालकाला फोटोची हौस आली. "जरा बाहेर ओढून दाखवा." थांबाने पेटी ओढली आणि अख्खा रॅक पुढे कलला. मालक टुणकन मागे झाला. पेटी फुटली तर मेव्हण्याच्या गळ्यात पडेल, म्हणून याने उजवा हात आडवा घातला. सगळं वजन त्या हातावर आलं.

पेटीला ओरखडा नाही, हे मालकाने आधी पाहिलं. मग हाताकडे.

बोटं आता वळत नाहीत. कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लावायला मी चपला झिजवल्या. चूक मालकाची आणि ठेकेदाराची ठरली तर उपचार त्यांच्या डोक्यावर आणि थांबाला झेपेल असं काम देणं भाग. स्वतःची ठरली तर घरी बसा. इतकं सरळ होतं. सुनावणीत ठेकेदाराने तोंड वर करून सांगितलं, "साहेब, हा तर सगळ्यांना नियम शिकवतो. यालाच कळू नये?" म्हणजे बघा, काळजी घेणाऱ्याची काळजीच त्याच्यावर उलटवली!

अधिकाऱ्याने थांबाला विचारलं, "पेटी वर लावायला कोणी सांगितलं?"

मागच्या बाकावर बहीण बसली होती. थांबाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"कोणी नाही. मीच लावली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येताच मी त्याच्यावर तुटून पडले. "अरे, जीभ झडली होती का तुझी?"

"तिच्यासमोर तिच्या घरावर वरवंटा फिरवू?"

बहीण मागेच उभी होती. "दादा, मी ह्यांच्यासाठी नाही आले रे. तू खरं बोलशील तेव्हा तुझ्या बाजूला कुणीतरी असावं, म्हणून भांडून आले."

बहीण पदर खोचून परत आत गेली, मी तिच्यामागे.

"साहेब, तो खोटं बोलला. यांनीच फोनवर त्याला तसं करायला लावलं होतं, नंतर घरी कबूलही केलंय."

ठेकेदार म्हणाला, "भावासाठी बोलतेय हो. बायकांचं काय घेऊन बसलात!"

"बाई, तुम्ही तिथे होता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नव्हते."

"मग जो होता, त्याचंच म्हणणं धरणार ना मी?"

मी टेबलावर हात आपटला, गळा फाडला. शिपायाने मला दार दाखवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.