सोमवारपासून शिक्षा बंद

वाघोलीच्या आमच्या शाळेत निम्म्या मुलांच्या घरी मराठी नाही. मी एकटी किती जणांपुढे घसा फोडणार? म्हणून नववीच्या वर्गात मी जोड्या लावल्या. एका बाकावर एक मराठी मूल, एक दुसऱ्या भाषेचं. आधी आपापसांत समजावून घ्यायचं, मग दुसऱ्या भाषेच्या मुलानं उभं राहून ते मराठीत सांगायचं. "म्हणजे बाईंना आराम," असं शिक्षकांच्या खोलीत कौतुकही झालं. असो.

बिहारहून आलेल्या एका मुलीची जोडी मी गावातल्याच एका तोंडाळ पोरीशी लावली होती. त्या पोरीनं हिला युक्ती शिकवली होती: मराठी अडलं की हिंदीतला जड शब्द घ्यायचा, चालून जातं. आणि खरंच चालत होतं हो!

त्या शुक्रवारी प्रत्येकानं घरची एक बातमी सांगायची होती. ही मान खाली घालून उभी राहिली.

"सोमवारपासून माझी शिक्षा बंद."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही म्हणाले, "अरे वा, सुटलीस! केली कुणी होती एवढी?"

ती ढसाढसा रडायला लागली. मला काही कळेना. शिक्षा संपली म्हणून रडतं का कुणी? जोडीदारणीनं तिला जवळ ओढलं, हिंदीत काहीतरी विचारलं आणि ती ओरडलीच, "बाई, आपली शिक्षा न्हाय ओ, हिंदीतली! शिक्षण बंद हाय हिचं! धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवणार हायेत."

पोरीची शाळा सुटत होती आणि मी भर वर्गात तिचं अभिनंदन केलं होतं!

शाळा सुटताना तिचे वडील आले. जवळच्याच एका इमारतीच्या कामावर ते रखवालदार होते. मी इतकी भडकले होते की ते समोर येताच मी सुरूच झाले, "बच्ची की क्या गलती है? उसको शिक्षा क्यों देते हो?"

ते हात जोडून म्हणाले, "वही तो, मॅडम. अब नहीं देंगे."

अरे देवा! पुन्हा तेच! मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

"तुम्ही थांबा, बाई," म्हणत जोडीदारणीनं त्यांना फाटकापाशी नेलं. ती हातवारे करून बोलत होती, त्यांचा चेहरा उतरत चालला होता. परत आले ते पडेल आवाजात म्हणाले, "आएगी, मॅडम. सोमवार को भी आएगी."

ते गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस गं?"

"तुम्ही म्हणाला तेच. पोरीला शाळेतनं काढलं तर घरी पोलीस येत्यात."

"मी असं कधी म्हणाले?" मी हादरलेच.

"न्हाय म्हणाला," ती दप्तर पाठीला लावत म्हणाली. "पण तुमच्या हिंदीवर सोडली असती तर गेली असती की ती."