बापूंच्या आंब्याची वेबसाइट

छपाईतल्या चुका रद्दीत जातात आणि लोक त्या विसरतात. पण त्या वर्षी मी कॉम्प्युटरवर केलेल्या चुका घरात अजून कुणी विसरायला तयार नाही. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ते मोजल्याचं सांगा!" एक सांगितलं की मागून दुसरं निघतं.

हे दोन हजार सालाच्या आसपासचं. मी रत्नागिरीत एका प्रेसमध्ये डिझायनर होतो. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, असली कामं. सुनंदा, माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. संध्याकाळी घरी पोचायची घाई उरली नव्हती.

तिचे थोरले भाऊ बापू. त्यांची मालगुंडला हापूसची बाग. त्या वर्षी त्यांचं दलालाशी वाजलं आणि त्यांनी अख्ख्या वाडीसमोर जाहीर करून टाकलं, "यंदा वाशीला एक पेटी जाणार नाही! गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येणार. आमचे भावोजी वेबसाइट करतायत!"

मला ते तिथेच कळलं.

* * *

मारुती मंदिरजवळच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. शिकवायला सावंत मॅडम, वयाने माझ्या निम्म्या.

पहिल्याच दिवशी मी खिशातली फूटपट्टी काढून मॉनिटर मोजायला लागलो.

"काका, काय करताय?"

"पान केवढं ते बघतोय."

"पान प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळं दिसतं."

हे काही पटलं नाही. तरी मी पान आखलं आणि सवयीने चारी बाजूंना थोडी जागा जास्त सोडली.

"ही कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

"कटिंगला."

"काका, कापणार कोण?"

* * *

वेबवर प्रत्येक रंगाला सहा अक्षरांचा कोड असतो. मॅडमच्या तक्त्यातला एकही पिवळा हापूसच्या सालीसारखा नव्हता. मी बापूंना पिकलेलं फळ आणायला सांगितलं. त्यांनी बागेतला पहिला आंबा रुमालात गुंडाळून एसटीने आणला.

आंबा मॉनिटरला टेकवून मी एकेक अक्षर बदलत बसलो. रंग जवळजवळ जमला, तेवढ्यात पाणी प्यायला उठलो. परत येतो तर बापूंच्या हातात कोय!

"बापू, तो नमुना होता!"

"मग? उत्तम आहे. अगदी तसंच करा!"

* * *

कोड लिहून अक्षरं हवी तिथे बसेनात. शेवटी मी युक्ती केली. अख्खं पान प्रेसमध्ये डिझाइन केलं आणि त्याचं एकच मोठं चित्र करून साइटवर चढवलं. काय देखणं दिसत होतं! वर आकाश, खाली बाग, त्याखाली पेट्या.

बापूंना दाखवायला सायबर कॅफेत नेलं. फोनच्या लाइनवर चित्र वरून खाली चिंधी चिंधीने उतरायला लागलं. बापू चहा पिऊन आले, बाजारातून नारळ घेऊन आले, पुन्हा वाकून बघितलं.

"भावोजी, अजून नुसतं आकाशच आलंय!"

* * *

प्रेसचा रिवाज असा, की गिऱ्हाइकाची प्रुफावर सही झाल्याशिवाय छापायचं नाही. मी पान कागदावर काढून बापूंची सही घेतली. मॅडम हसल्या. "सही कशाला? वेबसाइट केव्हाही बदलता येते."

"मॅडमनी काय सांगितलंन?" बापू ताठ बसले. "छापून झाल्यावरही बदलता येतं?"

संपलं! रोज फोन. आज बापूंना नाव लाल हवं, उद्या हिरवं. एके दिवशी म्हणाले, आंबा पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळायला हवा.

"आंबा कशाला पळेल, बापू?"

"त्याच्यामागे गिऱ्हाईक पळेल!"

* * *

शेवटी ते एकच मोठं चित्र काढून सुटे फोटो बसवले आणि साइट सुरू झाली. मेल मात्र येईना. पहिला तोडा उतरला, फळ पिकायला गवताच्या अढीत गेलं. दलालाचा टेम्पो बापूंच्या फाटकाशी येऊन मुद्दाम हॉर्न वाजवून जाई. "अढीतलं फळ थांबत नाही हो भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या. बापू आता रंग बदलायलाही सांगेनात.

आणि मेल आली! बंगलोरच्या कुणा मराठी गृहस्थांची. क्लासमध्ये बापूंसमोरच मॅडमनी ती मोठ्याने वाचली, "तुमच्या साइटवर एकही फोटो दिसत नाही."

फोटोंचा पत्ता मी क्लासच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा लिहिला होता. म्हणजे अख्ख्या जगात फोटो फक्त त्या एका कॉम्प्युटरवर दिसत होते! बाकी सगळीकडे रिकामी चौकट आणि तिच्यात, फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द. हे शब्द लिहायचेच असतात, असं मॅडमनी शिकवलं होतं. फोटो दिसल्यावर ते वाचतंय कोण, असं समजून मी रोमन लिपीत आपलं खरं ते लिहिलं होतं.

'बापू. शर्ट माझा आहे. त्यांच्या सगळ्या शर्टांना आंब्याचा चीक लागलाय.'

'पाच आंबे. उजवीकडचा फोटो काढल्याबरोबर खाल्ला.'

'कलमाखालची खुर्ची. सुनंदा इथे डोळे मिटून बसायची आणि तयार आंबा वासावर ओळखायची.'

मॅडम पुढे वाचत होत्या. "फोटो दुरुस्त करू नका. खुर्चीचं बायकोला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली. मग आमच्या मंडळात सगळ्यांना वाचून दाखवलं. सर्वांच्या मिळून टेम्पोभर पेट्या लागतील, लगेच पाठवा. ताजा कलम: बापूंनी शर्ट परत दिला का?"

आम्ही बापूंकडे बघितलं. ते तोच शर्ट घालून बसले होते.

"दिला म्हणून कळवा!"