जाळीच्या कपाटातला कॉम्प्युटर

अडकित्ता भराभर वाजायला लागला तेव्हा मी मागच्या पडवीत कुळीथ पाखडत होते. सूप तिथेच टाकलं आणि धावले. आमच्या घरात अडकित्त्याचे दोनच अर्थ. सावकाश वाजला तर पाणी हवंय, कूस बदलायची आहे, खिडकी लावायची आहे. भराभर वाजला तर असशील तशी ये. माझ्या यजमानांची उजवी बाजू आणि वाचा अर्धांगवायूने गेलेली. डाव्या हातात अडकित्ता, तो लोखंडी खाटेच्या दांडीवर मारायचा, एवढंच त्यांचं बोलणं. मी खोलीत शिरले ती थेट खाटेशी. ह्यांच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. म्हटलं, "काय होतंय? छातीत दुखतंय?" त्यांनी अडकित्ता माझ्या मनगटावर मारला, चांगला जोरात, आणि हात माझ्या पलीकडे केला. मी वळले. वेताच्या खुर्चीत बापूभावजी, माझे धाकटे दीर, मान छातीवर टाकून बसले होते. चष्मा मांडीवर पडला होता. समोर टीव्हीवर कुठल्याशा परदेशातलं एक झाड दिसत होतं आणि कुठला तरी पक्षी ओरडत होता. मी हाक मारली, खांदा हलवला, तर ते कलंडलेच. डॉक्टर आले ते सही करण्यापुरते. जाताना म्हणाले, "तुम्ही आधी खुर्चीकडे गेला असतात तरी काही फरक पडला नसता." मी त्यांना विचारलं नव्हतं.

आता पाच-सहा आठवडे झाले. पुण्याची लेक म्हणाली, वर्तमानपत्राच्या पुरवणीत काकांवर तूच लिही, तू रोज बघितलंयस. मी पूर्णगडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे नटवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहिते.

बापूभावजी मुंबईत रेडिओच्या कारखान्यात होते. लग्न केलं नाही. कारखाना बंद पडल्यावर रत्नागिरीला आमच्याकडे आले आणि मागच्या खोलीत तारा, स्क्रू आणि उघडे पडलेले रेडिओ मांडून बसले. दोन हजार तीन साली ह्यांना झटका आला. कोर्टातला कारकून माणूस, दिवसभर बोलणारा, एका सकाळी तोंड वाकडं करून गप्प झाला. समाचाराला माणसं यायची, चहा घ्यायची, खाटेशी बसून ह्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलायची. निघताना पायरीवर चपला घालताना आवाज उतरायचा... "सुटतील तर बरं." मला आतपर्यंत ऐकू यायचं. त्या वर्षात माझे कान तयार झाले होते. भांडं घासताना, कुकरची शिटी होताना, शेजारी नारळ सोलत असताना मी अडकित्ता वेगळा काढून ऐकायची. तो ऐकू आला नाही तर काय, हा एकच विचार डोक्यात असे. बाकी भीतीला सवड नव्हती.

आणि त्यात भावजींनी कॉम्प्युटर आणला. म्हणजे सुटे भाग आणले, थोडे कोल्हापूरहून, थोडे मुंबईच्या जुन्या सोबत्याकडून, आणि ह्यांच्या खाटेशेजारी टेबलावर जोडायला बसले. टीव्ही त्याला जोडायचा, सिनेमे, नाटकं, गाणी सगळी त्याच्या पोटात भरून ठेवायची, अण्णाने, म्हणजे ह्यांनी, पडल्या पडल्या बघायची.

"ह्याला होम थिएटर म्हणतात, वहिनी."

"घरात थेटर कशाला? नाटक रोज चाललंच आहे."

"तुमचं आपलं काहीतरीच. बघाल तर खरं."

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा पिठाची गिरणी लावल्यासारखा आवाज झाला. आत तीन पंखे, शिवाय ती हार्ड डिस्क म्हणून असते ती करकरायची. मी स्वयंपाकघरात होते. ह्यांनी पाणी मागितलं, मला कळलं नाही. मग दुसरं काही मागितलं, तेही कळलं नाही. मी गेले तेव्हा चादर ओली आणि ह्यांच्या डोळ्यांत संताप. भावजी टीव्हीकडे तोंड करून बसलेले, त्यांच्याही कानात तीच गिरणी. मी भिंतीतून वायर उपटली. म्हटलं, "उद्या ह्यांना घास अडकला आणि मला ऐकू आलं नाही, तर तुमचं थेटर मी चितेवर ठेवीन." भावजींनी वायर उचलून गुंडाळली. म्हणाले, "आवाज काढून टाकतो."

मग ते आवाज काढण्यामागे लागले. पंख्यांना वीज कमी दिली म्हणजे ते हळू फिरतात. खोक्याच्या पत्र्याला चिरा होत्या, त्यांतून हवा शीळ घालते म्हणून तेवढा पत्राच कापून टाकला. माझ्या डब्यातलं परकराचं इलॅस्टिक घेऊन ती डिस्क आत झोपाळ्यासारखी टांगली. जरा काही बदललं की मला स्वयंपाकघरात उभं करायचं, स्वतः आत जाऊन अडकित्ता वाजवायचा.

"वहिनी, आलं ऐकू?"

"कधी वाजवलंत?"

"आत्ता."

"मग नाही आलं."

"तुम्ही लक्ष देत नाही."

"मी लक्ष देऊन स्वयंपाक करायला लागले तर जेवाल काय?"

पुन्हा पहिल्यापासून. ह्यांना ती मजा वाटायची. अर्ध्या तोंडाने हसायचे. झटक्यानंतर ते हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुसरं खूळ म्हणजे नेट. टेलिफोनची तार कॉम्प्युटरला लावली की तो आधी मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखा किंचाळायचा, मग गप्प व्हायचा, आणि तेवढा वेळ आमचा फोन बंद. डॉक्टरला लावायचा झाला तर? ह्यावरून आमची रोज बाचाबाची. शेवटी ठरलं की दुपारच्या चहाआधी थोडा वेळच लावायचा, तोही मी घरात असताना. चहाबरोबर भावजी सापडलेलं वाचून दाखवायचे. कुठेतरी एक बाई कुत्र्यांच्या जांभयांचे फोटो जमवते. एकाने माणसाच्या चेहऱ्यासारखे दिसणारे बटाटे मांडून ठेवलेत आणि प्रत्येकाला नाव दिलंय. एक जण आपल्या जिन्याचं दार कसं करकरतं ते ऋतूप्रमाणे नोंदवतो. मी म्हणायची, "शिंच्यांना कामधंदा नाही." भावजी म्हणायचे, "आहे हो. तो बटाटेवाला सर्जन आहे." खरं की खोटं देव जाणे. बटाट्यांत एक आमच्या जुन्या मामलेदारांसारखा होता. तो बघून हे एवढे हसले की मला पाठ थोपटावी लागली.

पण आवाज पुरता गेला नव्हता. मग आंब्याच्या हंगामात भावजींना सुचलं ते सुचलं. माळ्यावर रिकाम्या पेट्या होत्या. मोठी पेटी घेतली, कॉम्प्युटर तिच्यात उतरवला आणि भोवती पेंढा ठासला. पेंढा मीच काढून दिला. सकाळी त्यांनी विचारलं, "येतंय काही ऐकू?" मी कान लावला. काही नाही. म्हणाले, "बघा, जमलं." आणि तो चालूच ठेवून अण्णासाठी नवी सीडी आणायला बाजारात गेले.

आमच्या घरात आंबा किती पिढ्या पिकतोय. पेंढ्यात घातलेल्याला ऊब धरते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आंब्याची आढी लावताना आम्ही मधून मधून हात घालून बघतो, फार तापली तर उघडतो. त्या पेटीत हात घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही. काही ऐकू येत नव्हतं ते पेंढ्याच्या काड्या जाऊन पंखे अडकले म्हणून.

मी अंगणात आंब्याची साटं वाळत घालून कावळे हाकत होते. अडकित्ता भराभर वाजला. तसा तो त्याआधी कधीच वाजला नव्हता. मी आले तर दारातून पिवळट धूर येत होता. पेटी खाटेला लागून. खाटेवर कापसाची गादी. हे तिच्यावर, एका हाताचे धनी, खोकताहेत आणि तरी वाजवताहेत. आधी मेन स्विच पाडला. ह्यांना उचलणं माझ्याच्याने होणार नव्हतं, म्हणून पेटी धरून ओढली. फळ्या तापल्या होत्या. उंबऱ्यावर ती अडकली, वरच्या फटींतून लाल दिसायला लागलं. लाथ घातली तेव्हा पलीकडे पडली. अंगणात नेऊन पाण्याच्या बादल्या ओतल्या. परत आत आले, तर धुरात अडकित्ता सावकाश वाजत होता. पाणी हवं होतं.

भावजी फाटकात आले तेव्हा साटांवर कावळे बसले होते आणि मधोमध भिजलेली पेटी. हातात सीडी. ते आत गेले, ह्यांचं काळं झालेलं तोंड पुसलं, आणि खाटेच्या कडेला बसले.

"अण्णा, मला वाटलं जमलं."

मी सांगितलं, आता हे खोकं ह्या घरात नको. ते म्हणाले, बरं. खरंच सगळं आवरलं त्यांनी. पण पुढे रोज दुपारी चहाच्या वेळी अडकित्ता वाजायला लागला, सावकाश. मी जाऊन विचारायची. पाणी? नाही. कूस? नाही. ह्यांची नजर रिकाम्या टेबलावर. दोन-चार दिवस मी कळूनही न कळल्यासारखं केलं. मग एकदा विचारलं, "खोकं हवंय?" टक्.

"पुन्हा पेटलं तर?"

टक्.

मी भावजींना हाक मारली.

दुसऱ्या वेळी भावजींनी घाई केली नाही. स्वयंपाकघरात माझं दुधाचं जाळीचं कपाट होतं, सासूबाईंच्या वेळचं, चारी बाजूंनी जाळी, मांजर शिरू नये म्हणून. ते त्यांनी मागितलं. मी म्हटलं, "आणि दूध?" म्हणाले, "मांजराशी मी बोलतो." कपाट खाटेपासून लांब, खिडकीशी ठेवलं. वरच्या फळीवर कॉम्प्युटर उघडाच, खोक्याशिवाय. डिस्क तशीच इलॅस्टिकवर. छोटे पंखे काढून एकच मोठा घातला, तो इतका सावकाश फिरायचा की पाती मोजता यावीत. जाळीतून वारा आरपार. खाली फळीवर तांब्याभर पाणी ठेवायचे, ते कशाला ते मी विचारलं नाही. आणि रोज दुपारी माझ्यादेखत जाळीचं दार उघडून आत हात घालून बघायचे, आढीत घालतात तसा. "थंड आहे, वहिनी." मग मीही घालून बघायची. त्यांच्या शब्दावर सोडलं नाही.

स्वयंपाकघरातून त्याचा आवाज येईना. मी पडवीत गेले, तिथून अडकित्ता ऐकू आला. विहिरीवर गेले, तिथूनही आला. भावजींनी आतून ओरडून विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता वाजवू नका, मला कपडे धुवायचेत."

त्यानंतरची वर्षं बरी गेली, म्हणजे वाईट काही झालं नाही. मधून मधून ह्यांना ताप यायचा, छाती भरायची, माणसं पुन्हा यायची, पायरीवर पुन्हा तेच बोलायची. भावजी त्यांना हात जोडून पोचवायचे आणि आत येऊन म्हणायचे, "अण्णा, तुला सोडवायला आले होते." भावजींना कधी साधा खोकला नाही. बाजारात पायी जायचे, माळ्यावर चढायचे, नारळ पाडणाऱ्याशी भांडायचे. त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघायचं कुणाच्या मनात येणार?

त्या शेवटच्या दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, "वहिनी, एका माणसाने आपल्या परसातला आवाज नेटवर ठेवलाय. ऐका."

मी उभ्यानेच ऐकलं. "काही ऐकू येत नाही."

"हेच तर त्याने ठेवलंय. थांबा जरा, मधून एक पक्षी येतो."

"आमच्या परसात काय कमी आहेत?" असं म्हणून मी कुळीथ पाखडायला गेले. पुढचं वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. आमच्या दारात माणसं जमली म्हणजे काय झालं, ते आळीने पाच वर्षं ठरवूनच ठेवलेलं. शेजारच्या कमळाताई फाटकातूनच पदर डोळ्याला लावत आल्या. माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "सुटले गो, सुटले अण्णा." मग मान वर करून त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू होतं तिथेच होतं. मी म्हटलं, "ताई, ते आत आहेत. बापूभावजी गेले."  त्या दिवशी असं आणखी कितीजणांना सांगावं लागलं. घाटावरून आलेला एक नातेवाईक तर हार घेऊन थेट खाटेशी गेला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अडकित्ता एकदाच वाजवला. तो बाहेर पळाला.

जाळीचं कपाट खिडकीशी तसंच आहे. बटण कुठलं दाबायचं ते मला येतं, बाकी काही येत नाही. दुपारी चहाच्या वेळी सावकाश टक् होतं, मी जाते, जाळीचं दार उघडून आत हात घालते, थंड असलं तर सुरू करते. हे तेच परस लावायला लावतात. मी पडवीत येऊन बसते. कपाटाचा आवाज येत नाही. मधून तो पक्षी येतो. मग अडकित्ता.

अजून कुणी उशिरा बातमी कळलेला माणूस येतो आणि पायरीवरच तो शब्द काढतो. मी त्याला आत येऊ द्यायच्या आधी सांगते. सुटलं कुणी नाही. बापूभावजी गेले. हे आहेत.